उपाशी डास घेऊन कोळीवाड्यात

पनवेल, सोमवार सकाळ

पनवेलच्या एसटी स्थानकासमोर रिक्षाचालकाने पहिला प्रश्न सामानाबद्दल विचारला.

"डब्यात काय आहे, मॅडम? मासळी असेल तर पाणी गळतं."

"डास आहेत," वैशाली म्हणाल्या.

चालकाने चावीकडे नेलेला हात मागे घेतला. "मेलेले?"

"जिवंत. जिवंतच पोचवायचे आहेत."

वैशाली कीटकशास्त्रज्ञ आहेत. एका संशोधन संस्थेत त्या डास वाढवतात आणि ते कशाने मरतात ते तपासतात. थर्माकोलच्या डब्यात कागदी पेले होते, प्रत्येक पेल्यात पाच डास, तोंडाला बांधलेले जाळीचे कापड, त्यावर साखरपाण्यात भिजवलेला कापूस, आणि या सगळ्यावर ओला टॉवेल. हा डबा घेऊन त्या उलव्यापलीकडच्या एका कोळीवाड्यात निघाल्या होत्या. वृत्तपत्राच्या पुरवणीसाठी मी सोबत होतो. हिवतापाच्या गावात बाहेरून डास नेण्याचा प्रकार मी त्याआधी ऐकला नव्हता.

कारण साधे आहे. सरकारी योजनेतून मिळणाऱ्या औषधी मच्छरदाण्यांच्या धाग्यात कीटकनाशक कारखान्यातच मुरवलेले असते. डास जाळीवर बसला की मरतो. हे औषध साधारण तीन वर्षे टिकते, पण धुणे किती झाले यावर बरेच अवलंबून असते. या कोळीवाड्यातल्या जाळ्यांना तीन वर्षे होऊन गेली होती. त्यांच्यात अजून दम आहे का, हे पाहण्यासाठी त्यांच्यावर डास बसवावे लागतात. जाळ्या प्रयोगशाळेत आणल्या तर लोक रात्री जाळीविना झोपतील, म्हणून डासच जाळ्यांकडे जातात.

चालकाचे नाव सलीमभाई. पनवेलचेच कोकणी मुसलमान, उमेदीची वर्षे आखातात गाडी चालवण्यात गेली. त्यांनी नेहमीप्रमाणे सकाळी रिक्षात लोबान जाळला होता. वैशालींनी आत डोके घातले आणि लगेच बाहेर काढले.

"या धुरात माझे डास मरतील."

सलीमभाईंनी रिक्षाचे पडदे गुंडाळून वर बांधले आणि खांद्यावरच्या रुमालाने आतली हवा बाहेर काढायला सुरुवात केली. हे बराच वेळ चालले. बाकीचे चालक गोळा झाले.

"दुबईत शेखच्या शिकारी बाजाला गाडीतून फिरवलंय मी," रुमाल हलवता हलवता सलीमभाई सांगत होते. "त्याला एसी लागायचा. त्याचा पासपोर्ट होता, खुदा कसम, फोटोवाला. पण डास? तौबा. यांचे कागद आहेत काय?"

"आहेत," वैशाली म्हणाल्या आणि संस्थेचे पत्र दाखवले. सलीमभाईंनी ते शांतपणे वाचले, परत दिले, आणि डबा स्वतः उचलून मागच्या सीटच्या मधोमध ठेवला. आम्ही दोघे दोन्ही कडांना बसलो.

उलव्याच्या रस्त्याने

न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगेत रिक्षा अडकली. दोन्ही बाजूंना ट्रकांची चाके आमच्या डोक्याच्या उंचीला होती. ऊन मे महिन्याचे. वैशाली टॉवेलचे टोक उचलून आत पाहत आणि पुन्हा झाकत. कापूस सुकत आला होता, म्हणून सलीमभाईंनी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरून साखरपाणी मागवले.

"कोणाला चक्कर आली काय?" टपरीवाल्याने विचारले.

"मेहमान आहेत," सलीमभाई म्हणाले. "आतमध्ये."

टपरीवाल्याने रिक्षात वाकून पाहिले. त्याला दोन धडधाकट माणसे आणि एक डबा दिसला. त्याने पाण्यात लिंबू पिळू का, असे विचारले.

उलव्यात जिकडे पाहावे तिकडे इमारती उभ्या राहत आहेत. प्रत्येकीच्या पायाशी खड्डा, खड्ड्यात पाणी. वैशालींनी अशा एका खड्ड्याकडे बोट केले आणि हिवतापाचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, असे सांगितले. मी सोलापूरचा. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी साचणे ही बातमी होते. तिथे लोक गच्चीवर झोपतात, आणि घरात मच्छरदाणी लावलेली दिसली तर शेजारी विचारतात, कोण आजारी आहे?

कोळीवाडा, सोमवार दुपार

गावाचे नाव इथे देत नाही. गावकीची तशी अट आहे. गावकी म्हणजे गावातल्या कर्त्या माणसांची पंचायत. ती सरकारी नसते, पण तिचा शब्द मोडला तर दंड होतो. गावकीचे प्रमुख हरेशभाऊ वेशीवरच उभे होते. सफारी, गळ्यात जाड साखळी, हातात नारळ.

"गावाचं नाव मलेरियात छापू नका," ते म्हणाले. "आधीच पोरांना पोरी भेटत नाय."

नारळ वैशालींच्या हातात देऊन त्यांनी डब्याकडे पाहिले. "डास आनलं म्हंजे? आमच्याकडे कमी हायेत काय?"

"तुमचे चालत नाहीत, भाऊ."

हे वाक्य हरेशभाऊंना लागल्याचे दिसले.

वैशालींनी समजावून सांगितले. गावातल्या डासाचे वय माहीत नसते, त्याने काय खाल्ले ते माहीत नसते, आधी कुठल्या औषधाला तो टेकला होता तेही माहीत नसते. तपासणीला ठराविक वयाचे, रक्त न प्यालेले, पिंजऱ्यात वाढलेले डास लागतात. शिवाय सगळ्या माद्या, कारण चावते ती मादी.

मागे बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने पदर कमरेला खोचत विचारले, "रगत नाय पेल्या म्हंजे उपाशी?"

"उपाशीच म्हणा."

"मंग बायकांना उपाशी कशाला आनलंस, बाय?" आणि ती हसू लागली, तशा सगळ्या हसल्या. या यमुनाबाई. सुकी मासळी विकतात. त्यांची मुलगी प्रणाली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना चालू होता. दाराच्या उंबऱ्यावर बसून ती हातपंख्याने वारा घेत होती. हिवताप गरोदर बाईला झाला तर आई आणि पोटातले बाळ दोघांना धोका असतो, म्हणून गावातल्या जाळ्यांची चौकशी आली तेव्हा तपासणी कधी होणार, हे सगळ्यांत आधी यमुनाबाईंनी विचारले होते, असे हरेशभाऊंनी सांगितले.

काम सुरू झाले. घरोघरच्या जाळ्या उतरवून फळीवर ताणल्या. त्यांवर चहाच्या कपाएवढे पारदर्शक शंकू लावले. शंकूत डास सोडायचे, तीन मिनिटे जाळीवर बसू द्यायचे, परत पेल्यात घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी मेलेले किती ते मोजायचे. डास उचलण्यासाठी वैशाली एक नळी वापरतात. पुढे काच, मागे रबर, मध्ये जाळीचा तुकडा. रबराचे टोक तोंडात धरून त्या हळूच श्वास आत घेतात आणि डास काचेत येतो. पहिला डास असा आत गेला तेव्हा एक म्हातारी "आगो बाय, गिलला!" म्हणून ओरडली. वैशालींनी नळी तिच्यासमोर धरून आतला डास दाखवला. म्हातारीने तो बराच वेळ पाहिला आणि वैशालींच्या तोंडात आणखी काही राहिले नाही ना, तेही पाहिले.

पहिल्या घरी डास शंकूतच आडवे पडले. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर तीन मिनिटेही लागली नाहीत. प्रत्येक डास पडला की लोक टाळ्या वाजवत. हरेशभाऊ दर घरानंतर "पास!" म्हणून जाहीर करत. एका घरात एक डास पाठीवर पडून पाय हलवत राहिला, तेव्हा घरमालकाचा चेहरा उतरला. शेवटी तोही थांबला आणि घरमालकाने सुस्कारा सोडला.

वैशाली मात्र वहीतले आकडे पुन्हा पुन्हा पाहत होत्या. औषध नसलेल्या साध्या जाळीवर त्यांनी काही डास बसवून पाहिले. ते व्यवस्थित उडत होते. म्हणजे डास चांगले होते. सहाव्या घरानंतर त्यांनी नळी खाली ठेवली.

"तीन वर्षांच्या जाळ्या नव्यापेक्षा जोरात मारतायत."

"गावच तसा हाय," हरेशभाऊ म्हणाले.

"मग चांगलंच आहे. तसं लिहून देते. जुन्या जाळ्यांत औषध शिल्लक असेल तर नव्या मिळत नाहीत. त्या दुसऱ्या गावाला जातील."

टाळ्या थांबल्या. यमुनाबाईंनी मुलीकडे पाहिले.

"दुसऱ्या म्हंजे?" हरेशभाऊंनी विचारले. "आमी पास झालो ना?"

"पास झालात म्हणूनच."

"नापास झालो असतो तं?"

"पावसाच्या आधी नव्या जाळ्या आल्या असत्या."

कर्ती माणसे वडाच्या पारावर गेली आणि बोलत बसली. आम्हाला तोवर जेवायला बसवले. तांदळाची भाकरी, सुका जवळा, कोलंबीचे कालवण. आमच्याकडची ज्वारीची भाकरी चावावी लागते, ही नुसती दुमडली तरी घास होतो. सलीमभाईंनी कालवण दुसऱ्यांदा मागून घेतले आणि पाराकडे पाहत म्हणाले, "फैसला होतोय."

हरेशभाऊ परत आले. आता साखळी शर्टाच्या आत होती.

"मॅडम, जरासा शेंट मारला व्हता."

"कसला?"

"तो डब्यातला. मच्छरचा फवारा."

हळूहळू सगळे बाहेर आले. तपासणी होणार म्हणून गावकीने बैठक घेतली होती. साहेबांसमोर गावाची लाज जाऊ नये म्हणून ठरले की प्रत्येक घराने जाळी पावडर लावून धुवायची, वाळवायची, आणि वरून फवारा मारायचा. फवाऱ्याचे डबे गावकीच्या पैशातून आले. जो मारणार नाही त्याला दंड. काल एकदा मारला आणि आज सकाळी पुन्हा. आमच्याकडे मंत्री येणार असले की रस्त्याच्या कडेला चुन्याची फक्की ओढतात. या लोकांनी तेच मच्छरदाणीला केले होते. तपासणी म्हणजे परीक्षा आणि परीक्षेत पास व्हायचे असते, याबाबत गावात एकमत होते.

"अख्ख्या गावात फवारा न मारलेली एकही जाळी नाही?" वैशालींनी विचारले.

"गावकीचा हुकूम हाय," हरेशभाऊ म्हणाले. त्या आवाजात अभिमान अजून शिल्लक होता.

पेले पाहिले. औषधाला न टेकलेले दहाच डास उरले होते. दोन माणसे न सांगता डास धरायला खाडीकडे निघाली. त्यांना परत बोलावावे लागले.

तेव्हा उंबऱ्यावरून प्रणाली म्हणाली, "आये, आपली हाय ना."

"गप बस गो."

"काय हाय?" हरेशभाऊंनी वळून विचारले.

"जाळी," प्रणाली म्हणाली. "माजी. फवाऱ्याच्या वासानं मला उलटी व्हते. आयेनं मारलाच नाय. मागच्या खोलीत लपवून ठेवलीय."

सगळे यमुनाबाईंकडे पाहू लागले. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "नाय मारला. पोटुशी पोरगी हाय. लावा दंड."

"गावकीचा शब्द मोडलास, काकी?"

"मोडला."

हरेशभाऊंनी एकदा दहा डासांकडे पाहिले आणि एकदा यमुनाबाईंकडे. "दंडाचं मागनं बघू," ते म्हणाले. "आदी जाळी काढ."

जाळी निघाली. धुऊन धुऊन मऊ झालेली, दोन ठिकाणी फाटलेली, कोपऱ्याला गाठ मारलेली. ती फळीवर ताणली, दोन शंकू लावले, प्रत्येकात पाच डास. आता कुणी टाळ्या वाजवत नव्हते. सगळा गाव श्वास रोखून डास उभे राहावेत म्हणून पाहत होता. एक डास डगमगला.

"ए, ए, नको गो पडू!" मघाची म्हातारी म्हणाली.

तो सावरला. वैशालींनी दहाही डास पेल्यांत घेतले. दुसऱ्या दिवशी याच वेळेपर्यंत ते मरतात का, हे पाहायचे होते. पण धुराने किंवा उन्हाने मेले तर निकाल बाद. पेले यमुनाबाईंच्या घरात, माठाशेजारी, ओल्या टॉवेलखाली ठेवले.

हरेशभाऊ पारावर चढले आणि गावकीचा नवा हुकूम झाला. उद्यापर्यंत कुणीही कॉइल लावायची नाही, अगरबत्ती लावायची नाही, फवारा मारायचा नाही. यमुनाबाईंच्या आळीत चूल पेटवायची नाही. त्या आळीचा स्वयंपाक वरच्या आळीने करायचा. जो धूर करील त्याला दंड. प्रणालीला त्या रात्रीपुरते वरच्या आळीत, काकूच्या घरी, दारे-खिडक्या लावून झोपवायचे ठरले.

"जावई आला तवा बी एवडं केलं नवतं," यमुनाबाई म्हणाल्या आणि माठावर पाणी शिंपडू लागल्या.

कोळीवाडा, मंगळवार

रात्रीबद्दल एवढेच की दहा डास सुखरूप राहावेत म्हणून गावाने बाकीच्या सगळ्या डासांना मोकळे रान दिले. सकाळी जो भेटेल तो खाजवत होता. सलीमभाई रिक्षातच झोपले होते, पडदे बांधून. त्यांचा एक डोळा सुजला होता.

"बाज बरा," ते म्हणाले. "बाज चावत नाही."

खाडीवरून विमान खाली उतरत गेले. कुणी वर पाहिले नाही. प्रत्येक जण काहीतरी निमित्त काढून यमुनाबाईंच्या दारावरून जात होता आणि आत वाकून विचारत होता, "हायेत ना?"

"हायेत. बसलेत," यमुनाबाई सांगत. दुपारपर्यंत त्यांनी हे किती वेळा सांगितले, ते त्यांनाच माहीत.

वेळ भरली. वैशालींनी टॉवेल काढला, पेला हलकेच टिचकीने हलवला. डास उडाले. दुसरा पेला. तेही उडाले. त्यांनी पुन्हा मोजले आणि मान वर केली.

"दहाच्या दहा जिवंत."

गावात जो जल्लोष झाला, तसा मी क्रिकेटचा सामना जिंकल्यावरच ऐकला आहे. एकाने बँड बोलावू का, असे विचारले. हरेशभाऊंनी वैशालींना नारळ दिला आणि सलीमभाईंनाही दिला.

"नापास!" ते ओरडले. "गाव नापास!"

"नव्या जाळ्या पंधरवड्यात येतील," वैशाली म्हणाल्या. "तसं आजच कळवते."

"आनि ह्यांचं काय?" म्हातारीने पेल्यांकडे बोट केले.

"मारावे लागतात. बाहेर सोडता येत नाहीत."

"पास व्हऊन?" म्हातारी म्हणाली. तिला हे पटले नाही.

या सगळ्यात यमुनाबाई हसत नव्हत्या. आपली जाळी त्यांनी फळीवरून काढून हातात घेतली होती. त्या वैशालींजवळ आल्या.

"डास जगले म्हंजे जाळी मेलेली, ना?"

"औषध संपलंय."

"कवापासून?"

"ते नाही सांगता येत, मावशी. कदाचित वर्ष झालं असेल."

"ही सहाव्या महिन्यात आली. तवापासून ह्याच जाळीत झोपते. मी रोज रात्री लावते नि बोलते, झोप गो बिनघोर, औषदाची हाय." त्यांनी जाळीची फाटलेली जागा बोटांनी उघडून पाहिली. दोन बोटे आरपार गेली. "मागच्या मंगलवारी अंग गरम व्हतं तिचं. मी बोलले ऊन लागलं."

आवाज आपोआप कमी झाले. हरेशभाऊंनी गावच्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीला, बोलावून आणले. प्रणालीच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतले. पट्टीवर एक रेघ उमटली तर हिवताप नाही, दोन उमटल्या तर आहे, असे आशाताईंनी सांगितले. पंधरा मिनिटे थांबायचे होते. काल डासांसाठी जमलेला गाव आता पट्टीसाठी जमला. एक रेघ लगेच आली. दुसरीच्या जागेकडे सगळे पाहत राहिले. प्रणालीने स्वतः पाहिले नाही, ती आईच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

आशाताईंनी पट्टी उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली.

"एकच हाय."

यमुनाबाईंनी पट्टी स्वतः हातात घेऊन पाहिली. मग ती परत दिली.

"पंधरा दिवस काय करायचं?" त्यांनी वैशालींना विचारले.

"जाळीत औषध नसलं तरी जाळी ती जाळीच. भोकं बुजवा आणि खालून घट्ट खोचा. डास आत गेला नाही की झालं. आणि पुन्हा ताप आला तर ऊन म्हणायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं."

"भोकं बुजवायची?" हरेशभाऊ म्हणाले आणि मागे वळले. "ए, सुया आना रे."

मासेमारीची जाळी दुरुस्त करणारी चार माणसे, प्रत्येकाच्या हातात सुई-दोरा, यमुनाबाईंच्या ओसरीवर बसली. मासळीच्या जाळ्याची भोके त्यांना बारीक वाटत नाहीत, ही मात्र त्यांना डोळ्यांजवळ धरावी लागली. एकाने चष्मा मागवला. यमुनाबाईंनी आत गोधडी टाकली, जाळी चारही कोपऱ्यांना बांधली आणि प्रणालीला आत बसवले. माणसे बाहेरून शिवत होती. जिथे भोक राहिले तिथे प्रणाली आतून बोट लावून दाखवत होती, "हितं हाय, काका, हितं."

शिवून झाल्यावर यमुनाबाई गुडघ्यांवर बसल्या आणि जाळीची कड गोधडीखाली खोचत चारही बाजूंनी फिरल्या. मग उलट दिशेने पुन्हा फिरल्या.

"आये, दुपार हाय गो," प्रणाली आतून म्हणाली. "डास रात्री येतात."

"येऊ दे की रात्री," यमुनाबाई म्हणाल्या. "तू आताच बस." आणि कड पुन्हा उचलून त्यांनी चहाचा कप आत सरकवला, आणि पुन्हा खोचली.